उत्पन्न किती टाकू?

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार. ऑफिसमध्ये टीमचा कॉल चालू होता आणि मी कॅमेरा बंद करून मोबाइलवर ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहातला कार्यक्रम बघत होतो. नाटक नव्हतं, म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत होती. २,२६४ घरं. सत्कार झाले, भाषणं झाली, मग एकदाचं बटण दाबलं गेलं.

मी स्वतः अर्ज केला नव्हता. माझ्याकडे लाइट बिलाच्या मागे पेनाने लिहिलेला एक अर्ज क्रमांक होता. तो काकूंचा.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत. माणिकपूरला चर्चच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत आम्ही भिंतीला भिंत लावून नऊ वर्षं राहिलो. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की माझी आई आपला गॅस बारीक करायची. नंतर आम्ही तिथून निघालो, पण माणिकपूर सोडलं नाही. अकरा महिन्यांचे करार करत बाभोळा, दिवाणमान, साईनगर असे फिरत राहिलो. काकू तिथेच राहिल्या. काका गेले, मुलाचं लग्न झालं, नातू झाला, खोली तेवढीच. दहा बाय बारा. २०१८च्या जुलैत वसई बुडाली तेव्हा त्या खोलीत गुडघ्याच्या वर पाणी होतं आणि काकू दोन दिवस गादीच्या गुंडाळीसकट आमच्याकडे होत्या.

चाळीतला पहिला इंजिनिअर म्हणून गेली सहा-सात वर्षं मी सगळ्यांचे फॉर्म भरतो. पॅन-आधार लिंक, शाळाप्रवेश, गॅसची केवायसी, म्हाडा. आई म्हणते, तुझ्या डिग्रीचा खरा उपयोग एवढाच झाला.

संध्याकाळी विरार लोकलमध्ये, भाईंदरची खाडी ओलांडताना, रेंज आली आणि पीडीएफ उघडली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट, सर्वसाधारण प्रवर्ग, घोडबंदर रोडवरचा एक खासगी प्रकल्प. नाव होतं. मी दोनदा क्रमांक ताडून पाहिला, मग फोन लावला. काकू कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करत होत्या.

"काकू, नंबर लागला."

"थांब जरा, पोळी करपतेय."

*

हे घर कुठून आलं, ते आधी सांगतो. म्हाडाची जाहिरात आपण लॉटरीच्या जाहिरातीसारखी वाचतो, आत काय आहे ते बघत नाही.

महानगरपालिकेच्या हद्दीत मोठ्या भूखंडावर, म्हणजे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या, इमारती बांधणाऱ्या बिल्डरला वीस टक्के घरं छोटी ठेवावी लागतात आणि ती म्हाडाने ठरवलेल्या माणसांना विकावी लागतात. याला वीस टक्के सर्वसमावेशक योजना म्हणतात. बिल्डरचीच इमारत, बिल्डरचीच लिफ्ट, पण घर बाजारभावाच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत. साहजिकच उड्या पडतात. त्या फेब्रुवारीच्या सोडतीत २,२६४ घरांना अनामत भरून आलेले अर्ज पंचवीस हजारांच्या आसपास होते, आणि त्यातले बहुतेक या वीस टक्क्यांतल्या सहाशेच्या आतबाहेर घरांसाठी. उरलेल्या कित्येक घरांकडे कुणी फिरकलंही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता 'निवड' कशी होते? मी सॉफ्टवेअरमधला माणूस, त्यामुळे मला सोडतीचा भाग फार गंभीरपणे घेता येत नाही. एक यादी घ्यायची, ती पिसायची, वरची जेवढी घरं तेवढी नावं उचलायची. पत्ते पिसण्याची बरोबर पद्धत फिशर आणि येट्स या दोघांनी १९३८मध्ये कागदावर मांडून ठेवली आहे. आज ती कुठल्याही भाषेत पाच-सहा ओळींत बसते. मुलाखतीला येणाऱ्या फ्रेशरला मी हा प्रश्न विचारतो. सोडतीत गडबड होते, सेटिंग असतं, वगैरे नाक्यावर ऐकू येतं, त्यात मला रस नाही. मी धरून चालतो की पिसणं प्रामाणिक आहे. मला रस आहे तो यादीत. पिसायच्या आधी यादीत कोण पोचलं आणि पिसून झाल्यावर घरात कोण पोचलं, यात.

यादीत पोचण्यासाठी काकूंनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. २०२३पासून म्हाडाने नवी ऑनलाइन प्रणाली आणली. आधी सोडत व्हायची आणि मग विजेत्यांची कागदपत्रं महिनोन् महिने तपासली जायची. आता कागदं आधी, सोडत नंतर. चांगला बदल आहे. मी कौतुकाने सांगतोय. पण कागदं आधी याचा अर्थ कागद नसलेला माणूस सोडतीत हरतसुद्धा नाही, तो तिथे नसतोच.

अधिवास प्रमाणपत्र हवं, नव्या पद्धतीचं, बारकोड असलेलं. त्यासाठी राज्यात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. काकू माणिकपूरला पंचवीस वर्षं राहतायत, पण भाड्याने. लाइट बिल मालकाच्या नावावर, करार तोंडी. शेवटी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि काकांचा मृत्यूचा दाखला यांच्यावर काम निघालं. काका गेल्याची तारीख आणि ठिकाण, दोन्ही माणिकपूरचं. त्यांनी जाता जाता रहिवासाचा पुरावा दिला, असं काकू स्वतः म्हणाल्या आणि हसल्या. मी हसलो नाही.

मग उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी तलाठी, सेतू केंद्र, तहसील. काकू पाच घरी स्वयंपाक करतात, महिन्याचे सोळा हजारांच्या आसपास मिळतात, सगळे रोख. दाखल्यासाठी त्यांनी सांगितले दहा. "जास्त सांगितलं आणि रेशन बंद झालं तर?" म्हणून कागदावर आलं वर्षाला १,२०,०००. तेव्हा मीही काही बोललो नाही. कमी उत्पन्न दाखवलं तर घर मिळायला बरंच, अशी माझीही समजूत होती.

अनामत रक्कम त्यांनी भिशीतून उचलली. ही रक्कम परत मिळते, पण आधी हातात असावी लागते. २०२३च्या मुंबईच्या सोडतीत सगळ्यात खालच्या गटाला ती २५,००० रुपये होती. घरकाम करणाऱ्या बाईला पंचवीस हजार अडकवून ठेवायला सांगणं हीसुद्धा एक चाळणीच.

*

फॉर्ममध्ये प्रवर्गाचा एक ड्रॉपडाउन आहे. तो उघडून एकदा सगळा वाचा, बरंच कळतं. अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, मग भटक्या आणि विमुक्त जमाती, दिव्यांग, माजी सैनिक, स्वातंत्र्यसैनिक. इथपर्यंत ठीक. त्यापुढे पत्रकार, कलाकार, राज्य सरकारी कर्मचारी, म्हाडाचे कर्मचारी, आणि आजी-माजी आमदार-खासदार, २ टक्के. याच कोट्यातलं मुंबईत ताडदेवचं साडेसात कोटींचं एक घर २०२३च्या सोडतीत होतं. त्यासाठी एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी आणि एका आमदारांनी अर्ज केला, आमदारांचा नंबर लागला, बातम्या झाल्या, मग त्यांनी घर नाकारलं.

मी काकूंसाठी तो ड्रॉपडाउन वरून खाली आणि खालून वर पाहिला. 'चार माणसं एका खोलीत' असा पर्याय नव्हता. 'पावसाळ्यात पाणी शिरतं' नव्हता. 'मालक मार्चमध्ये खोली खाली करायला सांगतोय' नव्हता. तुम्ही कोण आहात हे फॉर्म बारकाईने विचारतो. आत्ता कसे राहताय, हे विचारतच नाही.

इंग्लंडमध्ये उलटं आहे. तिकडे घर विकत नाहीत, भाड्याने देतात, आणि ते कुणाला द्यायचं हे तिथली नगरपालिका ठरवते. १९९६चा कायदा सांगतो की बेघर, दाटीवाटीने राहणारे, राहायला अयोग्य जागेत असलेले, आजारपणामुळे जागा बदलणं भाग असलेले, अशांना झुकतं माप द्या. मग कुठे गुण, कुठे ए-बी-सी असे पट्टे. जितकी गरज मोठी तितके तुम्ही वर. ऐकायला स्वर्ग वाटतो. पण रांगेत तेरा लाखांच्या आसपास कुटुंबं आहेत आणि तिथल्या लोकांची तक्रार अशी की आपल्याआधी दुसऱ्याची गरज मोठी ठरते, वर्षानुवर्षं.

आपल्याकडे असं का नाही, यावर माझं मत बदलत गेलं. आधी वाटायचं, सरकारला पडलेली नाही. आता वाटतं, कारण आपणच आहोत. गरज मोजायची म्हणजे कुणीतरी माणूस तुमच्या खोलीत येणार, बघणार, गुण देणार. त्या माणसावर आपण विश्वास ठेवू? माणसाच्या हातात घरवाटप दिलं तर काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालच्या घरांमध्ये मुख्यमंत्र्यांचा स्वेच्छाधिकार कोटा असायचा. कमी उत्पन्न दाखवून त्या कोट्यातून नाशिकला घर घेतल्याच्या १९९५च्या प्रकरणात तिथल्या न्यायालयाने राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांना दोषी ठरवलं, तो महिना होता फेब्रुवारी २०२५. काकूंचा नंबर लागल्यावर दोन आठवड्यांनी. निकालाला पुढे वरच्या कोर्टात आव्हान दिलं गेलं. तीस वर्षांपूर्वीचं घर, आणि खटला अजून चालू.

म्हणून सोडत. मशीनला वशिला नसतो, मशीनला चहा पाजता येत नाही. मला हे पटतं. पण मशीन आंधळं ठेवायचं की थोडं शहाणं करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. सिंगापूरमध्येही सरकारी घरांची सोडतच निघते, पण पहिलं घर घेणाऱ्या कुटुंबाच्या चिठ्ठ्या जास्त असतात आणि वारंवार नंबर न लागलेल्यांना जादा चिठ्ठी मिळते. कोडमध्ये हा एका कॉलमचा फरक आहे. आपली सोडत मात्र दरवर्षी स्मृतिभ्रंश होऊन जागी होते. काका बँकेच्या दारात रांग लावून कागदी फॉर्म आणायचे तेव्हापासूनचा या घराचा अर्ज आहे. यंदा पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या माझ्या मित्राची आणि काकूंची संधी तंतोतंत सारखी.

तरी लागला. मी म्हटलं ना, पिसणं प्रामाणिक असावं.

*

पहिले आठ दिवस काकू वेगळ्याच होत्या. एका रविवारी आम्ही तिघं, काकू, त्यांचा मुलगा आणि मी, घोडबंदर रोडला इमारत बघून आलो. वसईहून फाउंटनमार्गे दीड तास. सोळावा मजला, दारात उभं राहिलं की हॉल संपतो, पण संडास आत आणि खिडकीतून डोंगर. काकूंनी विचारलं, "इथे आजूबाजूला वयस्कर माणसं राहतात का रे? स्वयंपाकाला बाई लागत असेल." पाच घरची कामं सोडून नव्या गावात परत पाच घरं शोधायची तयारी त्यांनी त्या खिडकीत उभं राहून केली.

घराची किंमत साडेपंधरा लाख. मुद्रांक शुल्क, इतर खर्च वेगळा. हातचे साडेतीन लाख आणि बारा लाखांचं कर्ज, असा हिशेब मी मांडला. हातचे साडेतीन म्हणजे काकूंचं मंगळसूत्र, पाटल्या, भिशी, आणि दीड लाखाचा खड्डा.

बँकेत मी सोबत गेलो. नाव सांगत नाही, तिथला माणूस बोलायला चांगलाच होता. त्याने उत्पन्नाचा दाखला हातात घेतला आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. बारा लाख, नऊ टक्के, वीस वर्षं. हप्ता १०,८००. महिन्याचं उत्पन्न १०,०००.

"मॅडम, हप्ता तुमच्या पगारापेक्षा जास्त होतोय."

आणि काकूंचं वय त्रेपन्न, म्हणजे वीस वर्षंही मिळणार नव्हती. मुलाला सहकर्जदार करायचं ठरलं. तो डिलिव्हरी करतो, महिन्याला अठरा-वीस हजार काढतो, पण पगाराची स्लिप नाही. सिबिल काढलं तर २०२०च्या लॉकडाउनमध्ये मोबाइलचे तीन हप्ते चुकलेले. अकरा हजारांचा मोबाइल. एका फायनान्स कंपनीने तेरा टक्क्यांनी, पंधरा वर्षांसाठी तयारी दाखवली. हप्ता पंधरा हजारांच्या वर.

त्या दिवशी घरी येऊन मी म्हाडाचे उत्पन्नाचे गट परत उघडले. मुंबई महानगर प्रदेशात आर्थिकदृष्ट्या दुर्बल म्हणजे वर्षाला सहा लाखांपर्यंत. पुढे अल्प नऊपर्यंत, मध्यम बारापर्यंत, त्यावर उच्च. २०२२च्या आधी सगळ्यात खालचा गट महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत होता, म्हणजे वर्षाला तीन लाख. मर्यादा थेट दुप्पट झाली. कारण समजण्यासारखं आहे. पंचवीस हजारांत हल्ली कुणाला घरकर्ज मिळतं? पण त्यामुळे झालं असं की महिन्याला दहा हजार कमावणारी बाई आणि पन्नास हजार पगाराचा मुलगा एकाच डब्यात बसले. मशीन दोघांना सारखं पिसतं. त्यानंतर बँक येते, आणि बँक आंधळी नसते.

ज्या कागदामुळे काकू घराला पात्र ठरल्या, तोच कागद त्यांना कर्जाला अपात्र ठरवतो. ही मेख मला फॉर्म भरताना दिसायला हवी होती. मी दिवसभर हेच काम करतो, एका सिस्टिमचं आउटपुट दुसऱ्या सिस्टिमला चालतं का ते बघण्याचं.

आणि हे पहिल्यापासून असं नव्हतं. म्हाडा १९७७ची, तिच्या आधी १९४८ पासून मुंबई गृहनिर्माण मंडळ होतं. १९५२नंतर केंद्राच्या औद्योगिक कामगारांच्या योजनेतून या मंडळाने विक्रोळीसारख्या ठिकाणी वसाहती बांधल्या, त्या भाड्याच्या होत्या. कामगाराला पगारातून झेपेल असं भाडं. नंतर ती घरं राहणाऱ्यांच्या मालकीची झाली आणि नव्याने बांधायची ती विकायलाच, असं होत गेलं. भाड्याचं घर द्यायचं तर सरकारला 'कुणाला गरज आहे' हे विचारावं लागतं. विकायचं म्हटलं की प्रश्न आपोआप 'कुणाला झेपतं' असा होतो.

*

आता माझं.

माझा पगार चौदा लाख आहे. म्हणजे बैठ्या चाळीत वाढलेला, बाप गाळ्यात लेथ चालवून रिटायर झालेला, आयुष्यात एकदाही स्वतःच्या मालकीच्या भिंतीत खिळा न ठोकलेला मी म्हाडाच्या लेखी उच्च उत्पन्न गट. मित्रांमध्ये हा जोक म्हणून चालतो.

विरार पश्चिमेला बोळींजला म्हाडाची मोठी वसाहत आहे. दहा हजारांच्या आसपास घरं. वसई स्टेशनपासून दोन स्टेशनं, मग रिक्षा. यातली हजारो घरं सोडतीमागून सोडती काढूनही विकली गेली नव्हती, मुख्यतः पाण्यामुळे. आमच्या पट्ट्यात टँकर हा शब्द लहान मुलं 'आई'नंतर शिकतात. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतलं वसई-विरारच्या वाट्याचं दिवसाला १८५ दशलक्ष लिटर पाणी यायला लागल्यावर चित्र बदललं. मधल्या काळात म्हाडाने ती घरं 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणून विकायला काढली, रेल्वे स्टेशनांवर स्टॉल लावले. सोडत नाही. प्रवर्ग नाही. उत्पन्नाची मर्यादा नाही. आधार, पॅन आणि पैसे.

एक बेडरूमचं घर तेवीस-चोवीस लाख. अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेलं. मी मे महिन्यात बुक केलं. मला कर्ज ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर, चाळीस मिनिटांत मंजूर झालं. तशी सोय आहे माझ्यासारख्यांना.

रिकामी पडून राहण्यापेक्षा कुणीतरी राहिलेलं बरं, असं मी स्वतःला सांगतो, आणि ते खोटं नाही. मी कुणाचं हिसकावलं नाही. माझ्याआधी तिथे रांग नव्हती. माझ्या आईला साठाव्या वर्षी पहिल्यांदा 'आमच्या घरी' म्हणताना चाचपडावं लागलं नाही. पण फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत माझ्या खात्यात चार लाख दहा हजार होते, हेही खरं आहे. काकूंचा खड्डा दीड लाखाचा होता. मी त्यांच्याबरोबर बँकेत बसलो, कॅल्क्युलेटर बघितला, तेरा टक्के म्हणजे किती हे त्यांना समजावून सांगितलं, आणि दीड लाख मी देतो हे वाक्य माझ्या तोंडून आलं नाही. दिले असते तरी कर्जाचं अडलंच असतं, हा हिशेब मी नंतर मांडला. त्या वेळी मी काही मांडलं नव्हतं. घरी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "बघ बाबा, तुझं लग्न आहे." मला तेवढं पुरलं.

काकूंनी एप्रिलमध्ये घर सोडल्याचं कळवलं. तो फॉर्मही मीच भरला. कारण निवडा, असा रकाना होता. 'आर्थिक अडचण.' त्या घराचं पुढे काय झालं माहीत नाही. कुणाला तरी मिळालं असेल, सहा लाखांच्या आतलं आणि पगाराची स्लिप असलेलं.

*

जुलैमध्ये कोकण मंडळाची पुढची जाहिरात आली, पाच हजारांहून थोडी जास्त घरं. आम्ही तेव्हा सामान बांधत होतो. काकू मदतीला आल्या होत्या, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. पिशवीतून त्यांनी कागदांची प्लॅस्टिकची फाइल काढली आणि माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवली.

"उत्पन्नाचा नवीन दाखला काढायचाय," त्या म्हणाल्या. "या वेळी किती सांगू?"

"जेवढं आहे तेवढं सांगा काकू. सोळा."

"सोळाला बँक देईल?"

मी आकडे टाकून पाहिले. "नाही देणार."

"मग पंचवीस सांगते. सहा लाखांपर्यंत चालतं ना आपल्या गटात?"

"चालतं. पण पंचवीसचा पुरावा कुठून आणणार? आणि रेशन?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. एक पातेलं गुंडाळून झालं, दुसरं घेतलं. "रेशनला दहा, म्हाडाला सोळा, बँकेला पंचवीस. तीन दाखले नाही का मिळत?"

आईने आतून विचारलं, "काय हसताय दोघं?"

आम्ही सोळा लिहिले. या वेळी घर निवडताना काकूंनी माझं ऐकलं नाही. सगळ्यात स्वस्त जिथे होतं तिथलं, कल्याणच्या पुढचं, निवडायला सांगितलं. गणपतीआधी आम्ही बोळींजला राहायला गेलो. काकू पहिल्याच आठवड्यात येऊन गेल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरातला नळ सोडला, धार बघितली, बंद केला. "चांगलं आहे हो," आईला म्हणाल्या.

११ ऑक्टोबरला सोडत झाली. दीड लाखाहून जास्त अर्ज होते. यादीत नाव नव्हतं. मी फोन करून सांगितलं.

"बरं," काकू म्हणाल्या. "अनामत किती दिवसांत परत येते? भिशीवाली विचारतेय."